‘दीड महिन्यात ग्रेट बुजल्या’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार. तुम्ही एक तारा दिलात आणि तीन तक्रारी लिहिल्यात: तुमच्या बॉल मिलच्या (पोलादी गोळ्यांनी माल दळणाऱ्या फिरत्या पिंपाच्या) आमच्या डिस्चार्ज ग्रेट, म्हणजे गोळे आत अडवून दळलेला माल बाहेर सोडणाऱ्या फटींच्या जाळ्या, दीड महिन्यात बुजल्या, कामाचे गोळे मालाबरोबर बाहेर पडू लागले, आणि आम्ही हलकं मटेरियल दिलं. जाता जाता हेही लिहिलंत की दोन दिवस फोन कुणी उचलला नाही. फोनची चूक आमची. मिल अडलेली असताना गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवणं चुकीचंच, त्याला कारण देत नाही. माफी मागतो.

तुम्ही टाकलेला फोटो मी मोठा करून बराच वेळ पाहिला. जवळपास एकाआड एक फटीत गोळा रुतून बसलाय आणि फटींच्या कडा आत वळून ओठांसारख्या पुढे आल्यात. मग ऑर्डरची फाईल काढली. मूळ ड्रॉइंग तुमच्याकडे नव्हतं म्हणून तुम्ही एक जुनी ग्रेट नमुना म्हणून पाठवली होती. आमच्याकडे तिची फट व्हर्नियरने मोजली गेली, १७ मिमी भरली, आणि तेच माप पॅटर्नला (ज्यावरून ओतायचा साचा बनतो त्या नमुन्याला) गेलं. ती ग्रेट अजून आमच्या आवारात आहे. काल मी स्वतः परत मोजली. मिलच्या मध्याकडच्या टोकाला, जिथे गोळ्यांचा घासा कमी लागतो, तिथे फट १२ मिमी आहे. म्हणजे मूळ माप १२ होतं आणि आम्ही झीजच मोजून ओतली.

नुसतं रुंदीवर भागलं नाही. नवीन ग्रेटची फट आतून अरुंद आणि बाहेर जाताना रुंद होत गेलेली असते. तोंडातून जे आत शिरलं ते पुढे मोकळं सुटावं, एवढ्यासाठी तो टेपर असतो. जुन्या ग्रेटचं तोंड झिजत झिजत फटीच्या दोन्ही भिंती जवळपास समांतर झाल्या होत्या. आम्ही तशाच समांतर ओतल्या. त्यामुळे १७ मिमीच्या आतला गोळा निसटून ट्रॉमेलवर (मिलच्या बाहेरच्या तोंडाच्या फिरत्या चाळणीवर) आला आणि १७च्या आसपासचा फटीत पाचरीसारखा बसला. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ हे एकच आहे. आणि निसटलेले ते बारीक गोळे भंगार नव्हते. बारीक दळण तेच करतात, कारण तेवढ्याच वजनात त्यांचा पृष्ठभाग मोठ्या गोळ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो. माल जाडा येऊ लागला असं तुम्ही लिहिलंय, ते यामुळेच.

मटेरियलबद्दल मात्र मला वेगळं सांगायचंय. तुम्हाला दिलेलं मँगनीज स्टील हलकं नव्हतं, ऑर्डरप्रमाणेच होतं. पण ते ग्रेटसाठी सुचवायलाच नको होतं, आणि सुचवलं आम्ही. हे स्टील ओतल्यावर साधारण २०० ब्रिनेलचं (ब्रिनेल म्हणजे कडकपणाचं माप), मऊ असतं आणि मार खात खात कडक होतं. क्रशरच्या जबड्याला ते उत्तम, कारण तिथे धातू थोडा पसरला तरी बिघडत नाही. ग्रेटमध्ये पसरायला जागा एकच, ती म्हणजे फट. गोळ्यांच्या माराने कडा फटीत सरकतात आणि वाट आवळत जाते. फोटोतले ओठ तेच आहेत. तुमच्या मिलला क्रोम-मॉली स्टील हवं, ३२५ ते ३७५ ब्रिनेलपर्यंत कडक केलेलं. हाय-क्रोम याहून कडक असतं, पण ६० मिमीच्या गोळ्यांखाली दोन फटींमधली पट्टी तडकेल अशी मला धास्ती वाटते.

रबराचा विचार तुम्ही जरूर करा. तुमची मिल ओली चालते, उष्णतेची अडचण नाही. रबर लवचिक असल्याने रुतलेला गोळा हलून सुटतो. मात्र रबराच्या पट्ट्या जाड ठेवाव्या लागतात, त्यामुळे फटींचं मोकळं क्षेत्र घटतं. ते तुमच्या टनेजला पुरेल की नाही हे आकडेमोड करूनच सांगेन, अंदाजाने नाही.

एका गोष्टीवर आजच लक्ष द्या. मोटरचा करंट उतरलाय असं तुम्ही लिहिलंत. त्याला विजेची बचत समजू नका. फटी बुजल्या की स्लरी (पाणी आणि दळलेल्या मालाचा रबडा) आत साचते, तिचं तळं गोळ्यांच्या पडण्याच्या जागी होतं, त्यांचा मार त्यात विरतो आणि दळण मंदावतं. बदली ग्रेट पोचेपर्यंत फीड (मिलमध्ये जाणारा कच्चा माल) कमी ठेवा आणि मिल थांबेल तेव्हा रुतलेले गोळे बाहेरच्या बाजूने ठोकून आत पाडा. कडांचे ओठ ग्राइंडरने उतरवलेत तरी थोडे दिवस निघतील.

पूर्ण संच आमच्या खर्चाने बदलून देतोय, वाहतुकीसकट. त्यासाठी एक मदत हवी: पुढच्या शटडाऊनला मिलमधले शंभरेक गोळे, मोठे-बारीक न निवडता, काढून त्यांची मापं कळवा. फट १२ ठेवायची की १०, हे त्यावरून ठरवू. मग टेपरसकट एकच ग्रेट ओतून पाठवतो. ती तुमच्या माणसांनी दोन्ही बाजूंनी मोजून हो म्हटलं, की बाकीच्या साच्यांत धातू ओतू.