निष्ठा फक्त खेळाडूनेच दाखवायची?

एप्रिल २०२५मध्ये क्रिकेटपटू यशस्वी जयस्वालने मुंबईचा संघ सोडून गोव्याकडून खेळण्यासाठी ना-हरकत पत्र मागितलं. पुढच्याच महिन्यात त्याने अर्ज मागे घेतला. पण मधल्या काळात आपल्या मित्रमंडळींत जे बोललं गेलं ते अजून माझ्या मनातून जात नाही. ‘मुंबईने घडवला आणि मुंबईलाच पाठ दाखवली.’ मी स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत राहतो. इथल्या फुटबॉलमध्ये हीच तक्रार शंभर वर्षं जुनी आहे.

जिमी मॅकग्रोरी इथल्याच गार्नगॅड वस्तीतला. १९२२ साली तो ग्लासगोच्याच सेल्टिक या फुटबॉल क्लबात आला. पुढे कारकिर्दीत त्याने ४०८ लीग सामन्यांत ४१० गोल केले. उंची फार नव्हती, तरी हवेत झेपावून डोक्याने चेंडू जाळ्यात मारणारा असा दुसरा नव्हता. जानेवारी १९२८मध्ये डनफर्मलाइनविरुद्ध एकाच सामन्यात त्याने आठ गोल ठोकले. त्याच उन्हाळ्यात मॅनेजर विली मेली त्याला फ्रान्समधल्या लूर्द या कॅथलिक तीर्थक्षेत्राच्या यात्रेला घेऊन निघाले. वाटेत लंडनमध्ये तिथल्या आर्सेनल क्लबचे मॅनेजर हर्बर्ट चॅपमन त्याला विकत घ्यायला वाट पाहत होते. सौदा सेल्टिकला हवा होता, खेळाडूला आधी कुणी विचारलंही नव्हतं! मॅकग्रोरीने नकार दिला. परतीच्या वाटेवर चॅपमन पुन्हा भेटले, तेव्हाही नकारच. या निष्ठेची किंमत अशी मिळाली, की नंतर त्याला संघातल्या सहकाऱ्यांपेक्षा कमी पगार दिला गेला, आणि हे त्याला बऱ्याच काळाने कळलं.

हे वाचलं तेव्हा मला फार राग आला होता, आजही येतो. १९३७पर्यंत तो माणूस सेल्टिकचाच खेळाडू राहिला, पुढे १९४५ ते १९६५ तिथेच मॅनेजर राहिला. त्याने दिलेलं प्रेम खरं होतं. पण क्लबने त्याला विकायला काढलं होतं, हे निष्ठेचे गोडवे गाणाऱ्यांनी सोडून देऊ नये.

जे क्लब सोडून इंग्लंडला गेले त्यांचं काय? मार्च १९२८मध्ये लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर स्कॉटलंडने इंग्लंडला ५-१ हरवलं. स्कॉटलंडच्या त्या अकरांपैकी आठ जण इंग्लिश लीगमध्ये खेळणारे होते. संघ जाहीर झाला तेव्हा स्कॉटलंडमध्येच खेळणाऱ्यांना डावलल्याची ओरड झाली, कारण मॅकग्रोरीची जागा ह्यूई गॅलकरकडे गेली होती. गॅलकर न्यूकॅसलला, ॲलेक्स जेम्स प्रेस्टनला, म्हणजे दोघेही इंग्लिश क्लबांत. दोघेही स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशायरच्या कोळसा-पोलादाच्या गावांतले. पोटासाठी दक्षिणेला गेले, म्हणून त्यांचं स्कॉटिशपण उणं झालं नव्हतं. त्या पाचांतले दोन गोल तर जेम्सचेच.

यशस्वी लहानपणी आझाद मैदानावर तंबूत राहिला. तेव्हा त्याला सांभाळणाऱ्या माणसांचं ऋण त्याच्यावर आहे, मुंबईच्या क्रिकेट संघटनेचंही असेल. पण उद्या तो फॉर्म हरवून बसला, तर निवड समिती त्याला जुन्या नात्याखातर संघात ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. मग चांगली संधी दिसली म्हणून त्याने जावं, यात गद्दारी कसली? गोव्यात त्याला नेतृत्वाची संधी दिसत होती. पुन्हा कुणी असा अर्ज केला, तर मुंबईने ते पत्र खळखळ न करता द्यावं.