बेसमेंटची ओल आतल्या कोटाने जात नाही

पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘बेसमेंटच्या ओलीवर लाखो रुपये घालवू नका’ असा एक मेसेज जोरात फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पुण्यात भूजल शेकडो फूट खोल आहे, म्हणून बेसमेंटमध्ये येणारं पाणी फुटलेल्या पाइपचंच असतं. भिंतीला आतून वॉटरप्रूफिंग केमिकलचे तीन कोट मारले की काम झालं. फरशीतून पाणी येत असेल तर भेगा सिमेंटने बुजवा आणि पंप बसवा. झरोके रात्रंदिवस उघडे ठेवा. एवढं करूनही ओल राहिली तर ती फक्त दिसायला वाईट, इमारतीला धोका नाही.

मी याच कामात आहे. हा मेसेज वाचून कमिट्या रंगाऱ्याला बोलावतात आणि पुढच्या श्रावणात पोपडे गोळा करतात, हे पाहवत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“पुण्यात पाणी ३०० फुटांवर लागतं, ते बेसमेंटमध्ये येईलच कसं?”

बोअरला ३०० फुटांवर पाणी लागलं असेल, ते खरंच आहे. पण बेसमेंटला भिजवणारं पाणी ते नव्हे. पुण्याखाली बेसाल्टचा काळा कातळ आहे. वर कुठे काळी माती, कुठे मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक आणि मग पक्का कातळ. पावसाचं पाणी मुरमातून उतरतं, पक्क्या कातळावर अडतं आणि त्याच्या उताराने सरकत राहतं. ही वाट अनेक ठिकाणी जमिनीखाली काही फुटांवरच असते. बाणेर, पाषाण, बावधन, कोथरूड या टेकड्यांच्या पायथ्याच्या भागांत तर टेकडीवर पडलेलं पाणी जमिनीखालून खाली येत राहतं.

बेसमेंटसाठी आपण नेमका हाच कातळ ब्रेकर लावून फोडतो. भिंत उभी राहिली की भिंत आणि खडक यांच्यामधली जागा साइटवरच्याच डबराने, विटांच्या तुकड्यांनी आणि मातीने भरली जाते. म्हणजे इमारतीभोवती एक दगडी हौद तयार होतो. त्यात पाणी सहज उतरतं, पण बाहेर पडायला वाट मिळत नाही. पाऊस संपला तरी दिवाळीपर्यंत भिंत पाझरत राहते ती यामुळेच. अशा वेळी प्लंबरने सगळे पाइप तपासून ‘लीकेज नाही’ म्हटलं की कमिटी गोंधळते.

त्यात या शहराखाली जुन्या पाण्याच्या वाटाही आहेत. आंबिल ओढा, नागझरी, रामनदी यांच्या काठांवर आणि त्यांना मिळणाऱ्या लहान ओहोळांवर बांधकामं झाली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा अरण्येश्वर, सहकारनगरच्या लोकांनी ती वाट जमिनीवर पाहिली. जमिनीखाली पाण्याचं सरकणं त्याच उताराने, कोणाला न दिसता, दर पावसाळ्यात चालू असतं. मुठा उजव्या कालव्याजवळच्या पर्वती, स्वारगेट, हडपसर या पट्ट्यात तर उन्हाळी आवर्तन (कालव्यात पाळीने सोडलेलं पाणी) सुटल्यावर भर मे महिन्यात बेसमेंट ओलं होऊ शकतं.

पाइप किंवा टाकी कधीच दोषी नसते, असं मी म्हणत नाही. दोषी कोण ते आधी ठरवा, एवढंच म्हणतो. सुरुवात पाण्याच्या वेळेपासून करावी. पावसाबरोबर सुरू होऊन काही आठवड्यांनी थांबतं का? कालव्याच्या आवर्तनाबरोबर वाढतं का? बारा महिने सारखंच येत असेल तर जमिनीखालची टाकी आणि ड्रेनेज पहावं. रात्री टाकीचे सगळे व्हॉल्व्ह बंद करून पातळीवर खूण करावी आणि पहाटे पुन्हा बघावं. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये रंग टाकून तो खाली उतरतो का ते पहावं. पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, मोजणंही उपयोगी पडतं. खडकवासल्याचं नळाचं पाणी मऊ असतं, जमिनीतून मुरून आलेलं जास्त क्षारयुक्त. मात्र काँक्रीटमधून हळूहळू झिरपलेलं पाणी वाटेत चुना उचलतं, म्हणून नमुना थेंबाथेंबाच्या जागेवरून न घेता धार असेल तिथून घ्यावा.

“आतून तीन कोट मारले की भिंत बंद.”

सगळ्यांत जास्त पैसा या वाक्यापायी वाया जातो. पाणी बाहेर आहे आणि कोट आत. भिंतीमागे एक मीटर उंच पाणी साचलं की तळाशी दर चौरस मीटरला सुमारे एक टन दाब येतो. तीन मीटर साचलं तर तीन टन. बाहेरून लावलेल्या थराला हाच दाब भिंतीवर आवळून धरतो, आतून लावलेल्या थराला मागून ढकलून सोडवतो. आपल्याकडचे जुने मिस्त्री शहाबादी फरशीचं बॉक्स वॉटरप्रूफिंग भिंतीच्या बाहेरच्या अंगाला करत आले, ते याच हिशोबाने.

आतून लावायची काही द्रव्यं खरोखर चालतात. सिमेंटच्या आधाराची, काँक्रीटच्या छिद्रांत स्फटिक तयार करणारी कोटिंग्ज मागून येणारा दाब बऱ्यापैकी सोसतात. पण ती रंगासारखी ओढायची नसतात. जुना रंग, प्लास्टर आणि लोणा पूर्ण खरवडून भिंत काँक्रीटपर्यंत उघडी करावी लागते. आणि वाहती गळती त्यांनी थांबत नाही, ती आधी बंद करावी लागते.

शिवाय भिंत सगळीकडून सारखी गळत नाही. रॅफ्ट (तळाचा सलग काँक्रीटचा पाया) आणि भिंत मिळते तो सांधा, वेगवेगळ्या दिवशी ओतलेल्या काँक्रीटमधला सांधा, नीट व्हायब्रेटर न फिरवल्यामुळे राहिलेलं हनीकोंब (पोकळ, जाळीदार काँक्रीट), शटरिंगच्या टाय-रॉडची भोकं, पाइप भिंतीतून जातो तिथली फट: पाणी येतं ते अशाच जागांतून. तिथे ड्रिल करून पॅकर (ग्राउट आत सोडायच्या छोट्या नळ्या) बसवायचे आणि भेगेत पीयू (पॉलियुरेथेन) ग्राउट दाबाने भरायचा. तो पाण्याशी संयोग होऊन फुगतो आणि वाट बंद करतो. पोकळ काँक्रीट असेल तर सिमेंट ग्राउटिंग. कोटाची पाळी त्यानंतर येते.

पण या सगळ्याच्याही आधी करायच्या गोष्टी जमिनीवर आहेत, आणि त्यांना कोटाच्या मानाने फारच थोडे पैसे लागतात. मेसेजमध्ये त्यांचा उल्लेखही नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. गच्चीचं पाणी उतरवणारे पाइप भिंतीच्या पायाशीच मोकळे सोडले आहेत का? पेव्हर ब्लॉकचा उतार इमारतीकडे आहे का? बेसमेंटच्या भिंतीला चिकटून बागेचा वाफा आहे का, आणि माळी त्याला रोज नळी लावतो का? रेन वॉटर हार्वेस्टिंगचा शोषखड्डा भिंतीपासून हाताच्या अंतरावर खणला आहे का? असा खड्डा तर त्या हौदातच पाणी ओततो. पाणी जिरवायलाच हवं, पण इमारतीपासून दूर आणि उताराच्या बाजूला. एवढं दुरुस्त करून एक पावसाळा पाहिला तर पुढचं काम निम्म्यावर येऊ शकतं.

बाहेर जागा असेल तर भिंत खालपर्यंत उघडी करून मेम्ब्रेन (जलरोधक पडदा), त्यावर पाणी खाली उतरवणारा ड्रेन बोर्ड, आणि तळाशी खडीत जिओटेक्स्टाइल (माती गाळणारं कापड) गुंडाळलेला छिद्रांचा पाइप, हा भक्कम उपाय. कंपाउंडची भिंत दोन फुटांवर असेल तर ते जमत नाही. मग आतल्या बाजूने, भिंतीच्या पायाशी नाली काढून पाणी एका खड्ड्यात आणावं लागतं.

“फरशीच्या भेगा बुजवा आणि पंप लावा.”

या दोन गोष्टी एका वाक्यात लिहिणं धोक्याचं आहे. खडकावर प्रत्येक कॉलमला स्वतंत्र फूटिंग (पाया) असलेल्या अनेक इमारतींत बेसमेंटची फरशी म्हणजे कॉलमांच्या मधलं चार-सहा इंच काँक्रीट असतं. दहा सेंटिमीटर जाड काँक्रीटचं वजन दर चौरस मीटरला सुमारे २४० किलो. खालून फक्त २४ सेंटिमीटर पाण्याचा दाब आला की ते वजन संपलं. अशा फरशीच्या भेगा बुजवून पाण्याची वाट बंद केली तर फरशी फुगते, उचलते आणि नव्या जागी तडकते. तिथे पाण्याला कोंडायचं नसतं, फरशीखालून नालीत आणि नालीतून खड्ड्यात आणायचं असतं.

पंप हवाच, पण एकटा नाही. फ्लोट स्विच (पाणी चढलं की पंप आपोआप सुरू करणारा), दुसरा पंप आणि जनरेटरची जोडणी असावी, कारण जोराच्या पावसातच वीज जाते. पंपाचं पाणी बागेत सोडलं तर ते फिरून भिंतीशी येतं. ते पावसाळी गटारात जायला हवं, मैलापाण्याच्या चेंबरमध्ये नाही. आणि पंपातून गढूळ पाणी येत राहिलं तर त्याकडे ताबडतोब लक्ष द्यावं: फरशीखालची बारीक माती वाहून चालली आहे.

“झरोके सतत उघडे ठेवा.”

पार्किंगमध्ये गाड्यांच्या धुरासाठी हवा खेळती हवीच. पण जुलैत बाहेरची हवा २६ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर तिचा दवबिंदू सुमारे २४ अंश होतो. तळघरातली भिंत त्याहून थंड असेल तर तीच हवा भिंतीवर पाणी सोडते. भिंतीवर दीड फूट चौरस प्लास्टिक चारी बाजूंनी टेप लावून दिवसभर ठेवा. थेंब प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतले, प्लास्टिक आणि भिंतीच्या मध्ये आले तर भिंतीतून आलेले.

मेसेजला जोडलेल्या अमेरिकी व्हिडिओत लाकडी घराखालच्या रांगण्याएवढ्या पोकळीत प्लास्टिक अंथरून डिह्युमिडिफायर लावतात. तिथे तो योग्य उपाय आहे. आपल्या काँक्रीटच्या बेसमेंटमध्ये दाबाने येणाऱ्या पाण्याला त्याने काही होत नाही.

“ओल फक्त दिसायला वाईट.”

नाही. पाणी आणि हवा सळईपर्यंत पोचली की गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून सळईवरचं काँक्रीट (कव्हर) फुटतं, सळई उघडी पडते आणि गंजण्याचा वेग वाढतो. कॉलमच्या पायाशी उभ्या सळईच्या रेषेत चीर दिसली तर रंगारी नको, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवावा. आणि बेसमेंटमध्ये मीटर रूम किंवा लिफ्टचा खड्डा असेल तर ओल म्हणजे विजेचा धोका.

नव्या इमारतीत राहणाऱ्यांसाठी आणखी एक. बेसमेंटच्या भिंती आणि फरशी जलरोधक असाव्यात, असं बांधकाम नियमच सांगतात. रेरा कायद्याच्या (२०१६) कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष लक्षात आणून दिला, तर प्रवर्तकाने (बिल्डरने) तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. त्यामुळे अशा सोसायटीने आधी तारखेसह फोटो काढावेत, गळतीच्या जागा नकाशावर मांडाव्यात आणि लेखी पत्र देऊन पोच घ्यावी. तीन कोट मारून झाल्यावर मूळ गळती कुठे होती हे दाखवायला काहीच हातात उरत नाही.