तलावात गवत लावणारे आम्ही, आणि काकाजींचा फॉरवर्ड

मागच्या बुधवारी रात्री काकाजींचा फोन आला. हालहवाल नाही, काही नाही, एकदम प्रश्न. "काहून रे, तुम्ही पोट्टे तलावात गवत लावून राहिले म्हनते?" मी म्हटलं, कोण म्हणते? तर म्हणाले, मोबाईलवर आलं आहे, सगळं लिहून आहे त्यात. दोन मिनिटांनी तो मेसेज मलाही आला. सोबत 'वाच आणि विचार कर' अशी आज्ञा.

तुम्हालाही आला असेल. वर 'तलाव वाचवा नावाचं नाटक, शेतकऱ्यांनो जागे व्हा' असा मथळा, खाली सात मुद्दे, लिहिणाऱ्याचा नावगाव नाही आणि शेवटी दहा जणांना पाठवायची विनंती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातल्या आमच्या गावात दर रविवारी जुन्या मामा तलावाची नहर, म्हणजे शेतात पाणी नेणारा पाट, मोकळी करायला पंचवीसेक माणसं यायची. मेसेज फिरल्यानंतरच्या रविवारी नऊ आली. त्यातली दोघं फावडं न घेताच आली होती, फक्त 'खरं काय ते सांग' म्हणायला. म्हणून लिहितो. मेसेजचा क्रम मी पाळणार नाही. पाचवा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीचे सहा नसते तरी त्या एकासाठी हे लिहावंच लागलं असतं.

तो असा: 'हे लोक तलावात मुद्दाम पाणगवत लावतात, म्हणजे तलाव बुजावा आणि गाळ काढायचं अनुदान पुन्हा मिळावं. खरा उपाय सोपा आहे. एकदा तणनाशक मारा, आठ दिवसांत तलाव आरशासारखा.'

होईलही आरशासारखा. आरशात मासे नसतातच.

पहिली गोष्ट, तलावात उगवलेलं सगळं हिरवं एकच नसते. बेशरम आणि जलकुंभी या दोन्ही वनस्पती बाहेरून, अमेरिका खंडाकडून आलेल्या. त्या आम्ही लावत नाही, उपटतो. बेशरम उपटणं काय असते ते मेसेजवाल्यानं एकदा करून पाहावं. वरून कापली तर पाऊस पडताच दुप्पट फुटते. कापलेली कांडी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, ओल्या मातीत टाकून दिली तर तिथेच मुळं धरते. नाव काही उगाच पडलेलं नाही. मे महिन्यात पाणी मागे सरकलं की बुडाशी कुदळ घालून गड्डा काढायचा, कपड्याला पांढरा चीक लागू न देता तो वर कोरड्या जागी न्यायचा आणि पार वाळू द्यायचा. एका माणसाचे सकाळभरात पंधरा-वीस गड्डे झाले तर खूप झाले. आमच्याकडे तर सकाळही लवकर सुरू होत नाही, कारण वाघाच्या भीतीनं आठच्या आधी पाळीकडे कोणी फिरकत नाही.

आता लावतो ते काय? हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या पाण्याखाली वाढणाऱ्या आपल्याच वनस्पती, पानं पाण्यावर पसरणाऱ्या कुमुदिनीच्या जाती, आणि काठाला देवधान, म्हणजे जंगली धान. ही आमची अक्कल नाही. भंडारा-गोंदियाकडे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवरांच्या मच्छीमार संस्थांना सोबत घेऊन हे काम बरीच वर्षं केलं आहे. उन्हाळ्यात तलावाचा उघडा पडलेला भाग नांगरून बेशरम काढायची आणि पावसाळ्यात देशी वनस्पती लावायच्या. कुठल्या माशाला कुठलं गवत लागते हे ढिवर बाया-माणसांना पाठ होतं, तेच त्यात वापरलं. आमच्या पोरांनी ते तिकडे जाऊन पाहिलं. इथे गुडघाभर चिखलात उभं राहून अंगठ्यानं खड्डा करायचा, रोप बसवायचं आणि टाचेनं दाबायचं, हे आम्हाला ढिवर मोहल्ल्यातल्या एका मावशीनं शिकवलं. माझी रोपं पहिल्या दिवशी निम्मी वर तरंगून आली. मावशी हसल्या आणि म्हणाल्या, "रोवना कधी केला नाही का रे बाबू?"

यात पैशाचा हिशेबही आहे, अनुदानाचा नव्हे, माशाचा. रोहू, कतला, मृगळ हे तलावाच्या उभ्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना नदीचं वाहतं पाणी लागते. म्हणून त्यांचं बीज मच्छीमार सोसायटीला दरवर्षी विकत आणून सोडावं लागते. मरळीसारखे देशी मासे तलावातच वाढतात, पण त्यांना गवताचा आडोसा पाहिजे. नागडा तलाव म्हणजे पिल्लांना लपायला जागा नाही. गवत काढलं की तलाव फुकटचे मासे बंद करतो आणि विकतच्या बीजावर जगतो. आता सांगा, यात फायदा कोणाचा?

आणि आता तणनाशक. लोकांच्या डोक्यात तणनाशक म्हणजे ग्लायफोसेट. ते पाण्याबाहेरच्या हिरव्या पानातून आत जाते. पाण्याखालच्या वनस्पतीवर चालतच नाही, म्हणजे ज्या कामासाठी मारायचं तेच होणार नाही. होईल दुसरंच. पानाला चिकटावं म्हणून त्यात जे मिसळलेलं असते ते मासे आणि बेडकांना मूळ औषधापेक्षा जास्त बाधते. तेवढ्यातून ते वाचले तर मेलेली पानं पाण्यात सडतात, सडताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि सकाळी मासे तोंड वर काढून हवा ओढताना दिसतात. दुपारपर्यंत पांढरी पोटं. त्याच पाण्यात म्हशी बसतात, त्याच घाटावर कपडे धुतले जातात. आणि कायद्याचंच पाहायचं तर ऑक्टोबर २०२२मध्ये केंद्र सरकारनं ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रण चालकांपुरताच, म्हणजे परवानाधारक फवारणीवाल्यांपुरताच, मर्यादित केला. म्हणजे तलावात पंप घेऊन उतरायची मुभा आपल्यातल्या कोणालाच नाही. २०१७ साली यवतमाळात फवारणी करताना माणसं मेली, त्या विदर्भात असा सल्ला हसत हसत पुढे पाठवला जातो. कमाल आहे.

बाकीचे मुद्दे त्या मानानं हलके आहेत.

'हे तलाव इंग्रजांनी सारावसुलीसाठी बांधले, त्यांचं कौतुक कशाला?' यात अर्धा दाणा खरा आहे. मालगुजारी हा शब्द आणि मालगुजारांची, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्यांची, मालकी इंग्रजांच्या काळात पक्की झाली, हे मान्य. घोडाझरी, आसोलामेंढा हे मोठे तलावही इंग्रज अमदानीतलेच. पण पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांच्या वर तलाव आहेत आणि त्यातले कितीतरी इंग्रज यायच्या आधीचे. साक्ष इंग्रजांच्याच नोकरीतल्या माणसांची घ्या. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड छापले. त्यात कोहळी समाजाची ओळखच तलाव बांधणारे अशी आहे. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, हे तिकडचं लहान पोरगंही सांगेल. चांद्याच्या गोंड राजांच्या काळात तर तलाव बांधणाऱ्याला जमीन इनाम मिळायची आणि त्या इनामाला तुकूम म्हणायचे. चंद्रपुरातल्या तुकूममध्ये प्लॉट घेतलेल्यांनी हे एकदा लक्षात घ्यावं. नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं १८५४ला. मग आधी तलाव कोण बांधून गेला?

'मामा तलाव खाजगी आहेत, स्वयंसेवक घुसखोर आहेत.' मामा म्हणजे माजी मालगुजारी, कोणाचा मामा नव्हे. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनाचे जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. गावाचे निस्ताराचे, म्हणजे घरगुती वापराचे, हक्क वेगळेच. पण परवानगीशिवाय पाळीला हात लावू नये, हे मेसेजवाल्याचं म्हणणं बरोबर आहे. आम्ही ग्रामसभेचा ठराव करून अर्ज दिला तेव्हा परवानगी यायला सात महिने लागले. त्याबद्दल त्यानं काही लिहिलं असतं तर मीच फॉरवर्ड केला असता.

'डास वाढतात, डेंगू होतो.' डेंगूचा डास कूलरमध्ये, टाकीत, टायरात साठलेल्या पाण्यात होतो. पाणी धरून असलेल्या आपल्याच छतावर आधी बघा. पुढे.

'गोसीखुर्दचं पाणी आल्यावर हे डबके कोणाला पाहिजेत?' यावर मात्र थांबतो, कारण काकाजींचाही विश्वास यावरच आहे. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी राजीव गांधींनी १९८८च्या एप्रिलमध्ये केली तेव्हा खर्चाचा अंदाज ३७२ कोटींचा होता. २००९मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. काकाजी पायाभरणीपासून कालव्याची वाट पाहून आहेत. अडीच लाख हेक्टरचा प्रकल्प आहे, तो पूर्ण व्हावा, माझं काही भांडण नाही. पण त्याचा ९९ किलोमीटरचा उजवा कालवा जातो कुठे? आसोलामेंढ्याच्या तलावात! म्हणजे एवढ्या मोठ्या धरणाला पाणी ठेवायला शेवटी जुना तलावच लागला आणि त्या तलावाचं नूतनीकरण प्रकल्पातच धरलं. डबक्याची एवढी गरज पडली, बरं का.

आणि कालवा दारात आला तरी धान निसवायच्या वेळी, सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस दहा-बारा दिवस दडी मारतो तेव्हा एक पाणी लागते. ते गावच्या तलावातून दोन दिवसांत बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, येते. फक्त नहर वाहती पाहिजे. आमची नहर आम्ही तीन रविवार खोदली तेव्हा माती कमी आणि तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पन्न्या जास्त निघाल्या. सहा पोती भरली. त्या पन्न्या कुठल्या सरकारनं टाकल्या नव्हत्या.

'हे सगळं फोटोसाठी.' आता काय बोलणार? काही ठिकाणी आहेच. टोप्या घालायच्या, घमेल्याची साखळी करायची, साहेब येईपर्यंत उन्हात उभं राहायचं आणि फोटो झाला की नाश्ता. मीही अशा एका साखळीत उभा राहिलो आहे, पोहे चांगले होते. पण एका ठिकाणचं नाटक सगळ्यांच्या डोक्यावर मारायचं का?

राहिला सातवा. 'श्रमदानानं काय होते, जेसीबी लावा, जेवढा खोल तेवढा चांगला.' मशीन लागते, हे कबूल. हातानं तलावाचा गाळ निघत नाही. २०१७ पासूनच्या गाळमुक्त धरण योजनेत गाळ शेतात नेता येतो आणि तो न्यावाच. पण 'जेवढा खोल तेवढा चांगला' हे मुरूम विकणाऱ्याचं गणित आहे. तुडूम म्हणजे पाळीतून पाणी सोडायची जुनी वाट. तुडमाच्या पातळीखाली जेवढं खणाल तेवढं पाणी नहरेत चढत नाही, तिथेच पडून राहते. ते गुरांना आणि माशांना चालेल, बांधीला नाही. तळाचा चिकण थर फोडून मुरूम लागला की पाणी झिरपून जाते. आणि पाळीच्या पायथ्याशी खणलं तर पाळच बसते. शेजारच्या एका गावात ठेकेदारानं हेच केलं. आता तिथे दिवाळीनंतर पोट्टे क्रिकेट खेळतात.

काकाजींना मी हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "येवढं लिहून पाठव, मी ग्रुपवर टाकतो." टाका. पण आधी पाचव्या मुद्द्याचं उत्तर टाका. परवा कळलं की आमच्याच चुलतभावानं मेसेज वाचून तणनाशकाचे दोन डबे आणून गोठ्यात ठेवले आहेत. त्याला समजावलं, त्याला पटलंही. आता अडचण एवढीच आहे की एक डबा त्यानं फोडून पाहिला होता आणि दुकानदार तो परत घ्यायला तयार नाही.