फ्लूची लस आणि दमा: एका प्रतिसादाला उत्तर

नमस्कार. तुमच्या प्रतिसादात राग आहे, पण त्यामागे मुलीची काळजी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचे आक्षेप दोन. इंजेक्शननंतर दोन दिवसांत मुलीला धाप लागली. आणि फ्लूच्या लशीने दम्याचे अटॅक कमी होत नाहीत असं नेदरलँड्समधल्या चाचणीत दिसलं, तरी मी दमा असलेल्या प्रत्येक मुलाला ती द्या म्हणते.

आधी धापेबद्दल. लशीनेच दमा बळावतो का, हे अमेरिकेत ३ ते ६४ वयाच्या २,०३२ दमेकऱ्यांवर तपासलं गेलं. निष्कर्ष २००१ साली आले. प्रत्येकाला दोन इंजेक्शनं, एक लशीचं आणि एक खोटं. आधी कोणतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. पुढच्या दोन आठवड्यांत लशीनंतर २८.८ टक्के जणांचा दमा बळावला, खोट्या इंजेक्शननंतर २७.७ टक्के. म्हणजे औषध नसलेलं इंजेक्शन घेऊनही चारातल्या एकाहून जास्त लोकांना त्रास झालाच. तुमच्या मुलीचं नेमकं कारण मी इथून सांगू शकत नाही, पण लस आधी आणि धाप नंतर, एवढ्यावरून लशीला दोष देता येत नाही.

आता ती डच चाचणी. तुम्ही ती बरोबर वाचली आहे. ६ ते १८ वर्षांची ६९६ मुलं, आणि फ्लूशी जोडता आलेले अटॅक एकूण ४२: लस घेतलेल्यांत २४, न घेतलेल्यांत १८. अटॅक टळले नाहीत. पण मुलांचे बरेचसे अटॅक साध्या सर्दीच्या विषाणूंमुळे, मुख्यतः ऱ्हायनोव्हायरसमुळे येतात, आणि त्यांच्यावर ही लस चालतच नाही. ती दम्याचं औषध नाही, तसं समजून दिली तर निराशाच पदरी पडेल. शिवाय किती मुलं ॲडमिट होण्यापासून वाचली, हे ४२ अटॅकवरून कळणार नाही.

मी लस घ्या म्हणते ती फ्लूसाठी. दम्याच्या मुलाची श्वासनलिका आधीच सुजलेली असते. त्यात फ्लू छातीत उतरला की प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, मूल दोन शब्द बोलून थांबतं, आणि पंप देऊनही आराम पडत नाही. २००९ च्या साथीत अमेरिकेत रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांमध्ये आधीपासूनचा सर्वाधिक आढळलेला आजार दमाच होता. विषाणूशी जुळणी चांगली झालेल्या वर्षीही लस साधारण ४० ते ६० टक्के संरक्षण देते. हे थोडं वाटेल, मला पुरेसं वाटतं.

लस घेतली म्हणून रोजचा प्रिव्हेंटर पंप, म्हणजे अटॅक येऊ नये म्हणून घ्यायचा पंप, बंद करू नका. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदा देताना किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, आणि संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे जातात. नाकात फवारायच्या लशीत जिवंत, दुबळा केलेला विषाणू असतो. २ ते ४ वर्षांच्या ज्या मुलांना दमा आहे किंवा वर्षभरात छातीत घरघर झाली आहे, त्यांना ती देऊ नये असं अमेरिकेतल्या शिफारशी सांगतात. इंजेक्शनमध्ये जिवंत विषाणू नसतो.

पुढच्या डोसआधी त्या धापेची हकीकत डॉक्टरांना तारखेसकट सांगा. तेव्हा मुलीला सर्दी होती का, पंप नियमित चालू होता का, हेही आठवून सांगा.