स्टेशन दोन मिनिटांवर, पण हीटचं काय?

आज भाचीबरोबर न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये भाड्याचं घर बघायला गेले होते. जॅक्सन हाइट्स. सात नंबरची गाडी डोक्यावरून, ई, एफ, एम, आर पायाखालून. ब्रोकर "स्टेशन दोन मिनिटांवर" हेच परत परत ऐकवत होता. मी घर गरम ठेवणाऱ्या रेडिएटरला हात लावला. गारढोण! बाहेर बर्फ साचलेला आणि घरात ब्रोकर स्वतः जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून उभा. विचारलं तर म्हणे, हीट रात्री येते. भाची हळूच म्हणाली, "मावशी, चालेल गं, ब्लँकेट घेईन एखादं."

का चालेल? डोकंच फिरलं माझं.

न्यूयॉर्कमध्ये १ ऑक्टोबर ते ३१ मे हीट देणं घरमालकावर कायद्याने बंधनकारक आहे. दिवसा बाहेर ५५ फॅरनहाइटच्या खाली गेलं की घरात किमान ६८ हवं. रात्री दहा ते सहा किमान ६२, बाहेर काहीही असो. जुन्या इमारतींत हीटचे पैसे बहुतेक भाड्यातच धरलेले असतात. म्हणजे पैसे मोजून कुडकुडायचं, वर उपकार मानायचे!

माझी आई पहिल्यांदा इथे आली ती जानेवारीत. आमचं तेव्हाचं घरही स्टेशनला लागूनच. पहाटे उठून बघते तर आई कानटोपी घालून, शाल लपेटून, गॅसच्या ओव्हनचं दार उघडं टाकून समोर स्टुलावर बसलेली. "तुमची झोप मोडायला नको म्हणून उठवलं नाही गं." सुपरला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याला, फोन केला, तर उत्तर काय? स्वेटर घाला. सत्तरीच्या बाईला!

उघड्या गॅस ओव्हनने घरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठू शकतो, माणूस झोपेतच दगावू शकतो. आणि स्पेस हीटर? जानेवारी २०२२ मध्ये ब्रॉन्क्सच्या एका इमारतीत स्पेस हीटरमुळे आग लागली आणि १७ माणसं गेली, त्यातली आठ मुलं. थंडी "चालवून घेणं" इथवर जातं.

हो, थंडीत लहान मूल घेऊन स्टेशनपर्यंत वीस मिनिटं चालणं सोपं नाही, मान्य. काही इमारतींत इतकी हीट असते की खिडक्या उघडाव्या लागतात, तेही खरं. पण स्टेशन लांब म्हणून गाडी चुकली तर माणूस ऑफिसला उशिरा पोचतो. आईसारखं पहाटे ओव्हनसमोर बसायची वेळ तर येत नाही ना!

आपल्या लोकांना तक्रार करायची लाज का वाटते? आम्ही तेव्हा ३११ला, म्हणजे शहराच्या तक्रारीच्या नंबरला, कळवलं, इन्स्पेक्टर आला, थर्मामीटर लावला, मग कुठे पाइप ठणठण वाजायला लागले. व्हॉल्व्हमधून फुस्स झालं तशी आई दचकली आणि मग दोन्ही हात पुढे करून शेकत बसली. तिचा तो चेहरा आठवला की अजून गलबलतं.

पोरांनो, घर बघायला गेलात की आधी रेडिएटरला हात लावा. वर राहणाऱ्या आजीबाईंना विचारा. शहराच्या गृहनिर्माण खात्याच्या साइटवर पत्ता टाकला की इमारतीवरच्या तक्रारी दिसतात, त्या बघा. घरमालकाने डोळे वटारले तरी विचारा.

भाचीला ते घर घेऊ दिलेलं नाही. वुडसाइड, सनीसाइड, एल्महर्स्ट, कुठेही, गाडीपर्यंत पंधरा मिनिटं चालावं लागलं तरी चालेल. चांगली हीट असलेली वन बेडरूम माहीत असेल तर मेसेज करा, पुढच्या महिन्यापासून हवी आहे.