गळणारच म्हणे!

बुलेट आहे, तेल गळणारच. हे वाक्य परत कोणी माझ्यासमोर बोललं ना तर खरंच डोकं फिरेल माझं. आप्पांची १९८६ची गाडी आहे, जुनं कास्ट आयर्नचं इंजिन, खळ्यात तिच्याखाली पुठ्ठा टाकलेला असतो आणि तो रोज सकाळी काळा. पाऊस लागला की तेलाचा तवंग वाहत आईच्या तुळशीपर्यंत जातो आणि बोलणी मी खातो.

तीनदा चिपळूणला गॅरेजला दिली. तीनही वेळा तेच, टॅपेट कव्हर खोललं, नवीन गॅस्केट (जोडातलं पॅकिंग), वर सिलिकॉनची अर्धी ट्यूब थापली, पैसे घेतले. अरे पण गळतं कुठून ते बघितलं का कोणी? इंजिन डिझेलने धुवायचं, कोरडं करायचं, वर टाल्कम पावडर मारून दहा मिनिटं चालवायची, पहिली ओली रेघ जिथनं येईल तिथे दुखणं. एवढंच तर करायचंय.

शेवटी रविवारी मीच बसलो. रेघ एक नाही, तीन जागी. तीन गॅस्केट एकदम कशी जातील? ब्रीदरचं, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेचं, ते बदकाच्या चोचीसारखं रबर काढलं तर लाकडासारखं कडक, चोच चिकटून बंद! ३४६ सीसीचा पिस्टन खाली येताना तेवढीच हवा खाली ढकलतो, तिला वाट नाही मिळाली तर ती फट सापडेल तिथनं तेल घेऊनच बाहेर पडणार, मग गॅस्केट कितीपण बदला.

आणि खरा संताप पुढेच आहे. सिलिकॉन दाबलं की बाहेर येतं तसं आतही जातं. टायमिंग कव्हर, म्हणजे इंजिनच्या गिअर्सवरचं झाकण, उघडलं तर आत त्याचे शेवयांसारखे तुकडे, आणि तिथूनच बारीक वाटेने बिग एंडला, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथल्या बेअरिंगला, तेल जातं. या गाडीला प्रेशरचा काटा नाही, दिवा नाही, तुकडा अडकला तर कळणार कधी, कुंभार्ली घाटात बिग एंड वाजायला लागल्यावर? वर एक जण म्हणतो पातळी कमी आहे, अर्धा लिटर टाका. अहो, गाडी आठवडाभर उभी होती, तेल टाकीतून खाली क्रँककेसमध्ये, इंजिनच्या तळाला, उतरलंय, थोडी चालवून मग तेलाची काडी बघायची असते! जास्त भरलं की ब्रीदरमधून ओकणारच ती.

इंजिनच्या डोक्यावर रॉकरला (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांडीला) तेल नेणाऱ्या पाइपचा बोल्ट सैल करून तेल वर येतंय का बघायला दोन मिनिटं लागतात. आप्पांनी आयुष्यभर जपली ही गाडी, आणि यांच्याकडे तिच्यासाठी दोन मिनिटं नाहीत.