'दिसला ड्रोन की पाडा' म्हणणाऱ्या दादांना

दादा, 'पुण्यात एसीत बसून ड्रोनच्या कायद्यावर लिहिणं सोपं आहे, आमच्यासारखी रात्रीची गस्त घाला, मग कळेल. दिसला ड्रोन की पाडा, एवढाच कायदा हवा,' असं तुम्ही म्हणता. एसी नाही माझ्याकडे, पण टोमणा लागला. २०२४ मध्ये गावोगावी रात्री ड्रोन दिसल्याच्या गोष्टींना मी लेखात सरसकट 'अफवा' म्हटलं, ते चुकलंच.

त्याच पावसाळ्यात मी शिरूर तालुक्यात मावशीकडे होतो. रात्री साडेअकराला 'आला रे आला' अशी हाळी आली आणि अख्खी वस्ती गच्च्यांवर. हातात बॅटऱ्या, मावसभावाकडे काठी. (काठी कशाला, ते त्यालाही सांगता आलं नाही.) वरून लुकलुकत गेलं ते विमान होतं. मी हसलो. मावशी म्हणाली, "हे इमान हाये, कळतंय मला. परवाचं गोठ्यावर थांबलं व्हतं." विमान थांबत नाही. मी गप्प.

पण पाडायचं म्हणता, ते कशानं? १०० मीटरवर दगड पोचत नाही आणि बंदुकीची गोळी कुणाच्या तरी पत्र्यावर उतरतेच. शिवाय अंधारात वर काय आहे हे ठरवणार कोण? लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर डिसेंबर २०१८ मध्ये ड्रोन दिसल्याच्या तक्रारींनी सुमारे १,००० विमानांचं वेळापत्रक कोलमडलं, १,४०,००० प्रवासी अडकले. ड्रोन सापडला नाही. पोलिसांनी उचललेलं जोडपं निर्दोष निघालं, त्या जोडप्याला पुढे पोलिसांना २ लाख पौंड द्यावे लागले. तिथल्या पोलिसांची ही गत, तर आपण काठीवाले.

आता कायदा. २०२१ च्या ड्रोन नियमांत नोंदणी आहे, विशिष्ट क्रमांक आहे, कुठे परवानगीशिवाय उडवता येतं, कुठे नाही, हे सांगणारे हिरवा-पिवळा-लाल असे हवाई पट्टे आहेत, १ लाखापर्यंत दंड आहे. लग्नाचं शूटिंग करणारा पोरगा हे सगळं पाळेल. गोठ्यावर थांबणारा कशाला पाळतोय? आणि ड्रोनवरचा क्रमांक जमिनीवरून वाचता येतो थोडाच! ड्रोननं उडताना आपली ओळख आणि ठिकाण कळवत राहावं, अशा यंत्रणेची सक्ती सरकार पुढे करू शकेल, तशी केली की सहा महिन्यांची मुदत मिळेल, असं त्याच नियमांत लिहिलंय. माझं भांडण या 'पुढे'शी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या ड्रोन कायद्याचा मसुदा आला. त्यात पोलिसांना झडती-जप्तीचे अधिकार आणि तुरुंगवासाची तरतूद होती, म्हणून ड्रोन बनवणारे ओरडले. तुम्हाला तो मसुदा आवडला असता. पण ज्याचा मालकच कळत नाही, त्याची झडती कुठे घेणार?

'दिसला की पाडा' म्हणजे सरसकट बंदीच, आणि तिचा फटका बसेल तो फवारणीच्या ड्रोनला. केंद्र सरकारच्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेत महिलांच्या १५,००० बचत गटांना ८० टक्के, पण ८ लाखांपर्यंतच, अनुदानावर ड्रोन द्यायचं ठरलं. रात्रीच्या भीतीपायी सकाळी उसात फवारणारीला गावानं घेराव घातला, तर ते मला पटणार नाही. घरावर, गोठ्यावर, बायकांच्या न्हाणीवर मुद्दाम घिरट्या घालणं हा वेगळा गुन्हा करा, शिक्षा कडक ठेवा, तिथे मी तुमच्याच बाजूला आहे.

तोवर दिसलाच तर वेळ, दिशा लिहून ठेवा, विजेचा खांब किंवा छप्पर चौकटीत येईल असा व्हिडिओ घ्या आणि चौकीत लेखी तक्रार द्या. हेच मावशीलाही सांगितलं. ती म्हणाली, "फोनात निस्ता अंधार येतो रं."